टिवो विकत की केबलवाल्याचा डबा भाड्याने: आमचा हिशोब

परवा ऑफिसातला एक नवीन पोरगा, नुकताच न्यू जर्सीत आलेला, लंचला विचारत होता की केबलचं कनेक्शन घेतोय तर डीव्हीआर (टीव्हीवरचे कार्यक्रम रेकॉर्ड करणारा डबा) केबल कंपनीचाच भाड्याने घेऊ की ईबेवर जुना टिवो, म्हणजे विकत मिळणारा तसलाच डबा, मिळतोय लाइफटाइमवाला (सर्व्हिसची फी आधीच भरलेला) तो उचलू. मी बोलायला लागलो ते चाळीस मिनिटं थांबलोच नाही, त्याने डबा संपवला, हात धुवून आला, मी अजून २०१४ मध्येच होतो. त्याला जे सांगायचं राहिलं ते इथे लिहितोय. दोन्ही प्रकार वापरून झालेत, पाच वर्षं भाड्याचा आणि त्यानंतर आजपर्यंत स्वतःचा.

आधी भाड्याचा. २००९ ला आम्ही मध्य जर्सीत घर घेतलं तेव्हा केबल लावायला आलेला माणूस डबा ठेवून गेला, आम्ही काही विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही, सगळेच घेतात. (कंपनीचं नाव लिहीत नाही, आमच्या भागात राहणाऱ्यांनी डोकं लावावं.) डबा म्हणजे काळा, जाडजूड, वर जाळी. बंद केला तरी गरमच. म्हणजे बटण दाबलं की फक्त समोरचा दिवा जायचा, आत पंखा आणि डिस्क चालूच. पुढे वाचलं की २०११ मध्ये एनआरडीसी या पर्यावरणवाल्या संस्थेने मोजून काढलं होतं की एक एचडी डीव्हीआर आणि एक साधा एचडी बॉक्स मिळून वर्षाला ४४६ युनिट खातात, म्हणजे नव्या फ्रीजपेक्षा जास्त. आमच्या घरी नेमकी हीच जोडी होती, एक हॉलमध्ये, एक बेडरूममध्ये. थंडीत बायको त्या डब्यावर पोराचे ओले मोजे वाळत घालायची, तेवढा एक उपयोग खरा.

ट्यूनर दोन. म्हणजे दोन गोष्टी रेकॉर्ड होत असतील तर तिसरं चॅनल बघायचं नाही. एचडी साठवायला जागा वीसेक तासांची, त्यात एक टेस्ट मॅच टाकली की दोन-अडीच दिवसांत डबा फुल, मग तो आपणहून जुनं उडवायला लागायचा. गाईड, म्हणजे स्क्रीनवरचं कार्यक्रमांचं वेळापत्रक, उघडलं की खाली जाहिरात, बटण दाबल्यावर हलायला दोन सेकंद, आणि फास्ट फॉरवर्ड असं की जाहिराती संपल्यावर थांबवायला जावं तर सीनच्या मध्यात जाऊन पडायचं, मग मागे, मग पुढे. पण खरा राग एका वनडेवरून. रात्री रेकॉर्डिंग लावून झोपलो, दुसऱ्या दिवशी ऑफिसात कान झाकून, वेबसाइट न उघडता, कोणाशी न बोलता घरी आलो, जेवताना मॅच लावली आणि शेवटच्या ओव्हरचे तीन बॉल बाकी असताना स्क्रीनवर आलं: डिलीट करायचं की ठेवायचं? गाईडमध्ये मॅचची वेळ संपली होती, डब्याने रेकॉर्डिंग बंद केलं होतं. मॅच लांबते हे डब्याला कोण सांगणार.

या सगळ्याचे पैसे: बॉक्सचं भाडं १२ डॉलर, डीव्हीआर सर्व्हिस म्हणून वेगळे १०, बेडरूममधल्या साध्या डब्याचे ९. महिन्याला ३१. बिलात या तीन ओळी तीन वेगळ्या ठिकाणी असायच्या त्यामुळे कधी एकत्र दिसल्याच नाहीत, एका रविवारी बायकोने पेन घेऊन गोल केले आणि म्हणाली, "पाच वर्षं झाली. अठराशे साठ डॉलर दिलेत आपण. आणि डबा अजून त्यांचाच?" आमचं एकट्याचं असं नव्हतं म्हणा. २०१५ ला मार्की आणि ब्लुमेंथाल या दोन सिनेटरांनी केबल कंपन्यांकडून आकडे मागवले तेव्हा निघालं की सरासरी घर वर्षाला २३१ डॉलर नुसतं डब्यांचं भाडं भरतं आणि ९९ टक्के गिऱ्हाईकं भाड्यानेच घेतात. आम्ही तर वर्षाला ३७२ भरत होतो, सरासरीच्याही वरचे हुशार.

तर २०१४ ला टिवो घेतला. रोमिओ नावाचं मॉडेल, २०१३ ला बाजारात आलेलं, त्यातलं सगळ्यात साधं, २०० डॉलरचं. चार ट्यूनर, ५०० जीबी, एचडीचे साधारण ७५ तास. ("कोण रोमिओ?" असं आईने फोनवर दोनदा विचारलं, बायकोने नवीन टीव्हीचा डबा म्हणून सांगितलं तरी तिचा आवाज जरा संशयीच होता.) पण २०० वर हुरळून जाऊ नका. खरा खर्च सर्व्हिसचा. गाईड, रेकॉर्डिंगचं वेळापत्रक, सगळं त्यावर चालतं, सर्व्हिस नसेल तर तो डबा म्हणजे ठोकळा. तेव्हा एकतर महिन्याला १५ डॉलर किंवा एकदाच ५०० भरून लाइफटाइम असं होतं. आता हे लाइफटाइम कोणाचं? तुमचं नाही, डब्याचं. डबा मेला की लाइफटाइम संपलं, नव्या डब्यावर नेता येत नाही. दुकानातल्या माणसाला मी हे तीनदा विचारून घेतलं होतं. उलट बाजूने फायदा असा की डबा विकला तर लाइफटाइम डब्याबरोबर जातं, म्हणून तर ईबेवर जुन्या टिवोला अजून भाव आहे.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास बेडरूमसाठी मिनी घेतला, १५० चा. मिनी म्हणजे छोटा डबा, स्वतः काही रेकॉर्ड करत नाही, हॉलमधल्या रोमिओचं सगळं बेडरूममध्ये दाखवतो. त्याची महिन्याची फी तेव्हा नुकतीच काढून टाकली होती. आमच्या साध्या रोमिओत केबलच्याच वायरीतून नेटवर्क करायची सोय नव्हती, ती महागड्या दोन मॉडेलांत होती, त्यामुळे अडॅप्टर वेगळा घ्यावा लागला. टॅक्सबिक्स धरून ९४० च्या आसपास गेले. वाचणार किती, तर ३१ मधून केबलकार्डाचं (ते काय, पुढे येतंच) भाडं २ वजा, म्हणजे २९. बत्तीस-तेहतीस महिन्यांत वसूल. त्यापुढचं सगळं आपलं.

आता केबलकार्ड. इथे खरी भानगड आहे आणि नवीन माणसाला हीच कोणी सांगत नाही. केबलचे चॅनल एन्क्रिप्टेड असतात, ते उघडायची किल्ली म्हणजे हे कार्ड, क्रेडिट कार्डाएवढं पण जाड, जुन्या लॅपटॉपच्या बाजूला सरकवायचो ना तसलं. १९९६ च्या टेलिकॉम कायद्यात कलम ६२९ म्हणून आहे, लोकांना केबलवाल्याचाच डबा घ्यावा लागू नये, बाजारातून कुठलाही आणून लावता यावा. त्यातून हे कार्ड जन्मलं. आणि कंपन्यांनी दुसऱ्यांच्या डब्यांतल्या कार्डांची हेळसांड करू नये म्हणून १ जुलै २००७ पासून एफसीसीने, म्हणजे इथल्या टेलिकॉमवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, नियम लावला की कंपन्यांनी स्वतःच्या नवीन डब्यांतही हेच कार्ड वापरायचं. कागदावर झकास. म्हणजे डबा तुमचा, पण किल्ली केबलवाल्याकडून भाड्याने, आणि ती फिरवायची पण त्यानेच.

पहिला टेक्निशियन आला तो कार्डच विसरून आला. दुसरा आला, कार्ड घातलं, साधी चॅनलं दिसायला लागली, तो सही घेऊन गेला. संध्याकाळी बघतो तर विलो, म्हणजे क्रिकेटचं चॅनल, नाही. आणि विलो नाही तर मी हे सगळं केलं कशाला? फोन लावला. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "सर, बॉक्स रीस्टार्ट करा." बॉक्स तुमचा नाही म्हटल्यावर तिच्याकडची प्रश्नावलीच संपली. तिसऱ्या फोनला एक जाणता माणूस मिळाला, त्याने सांगितलं की टिवोच्या सेटिंगमध्ये आत आत जाऊन कार्डाच्या पेअरिंगचा स्क्रीन काढा. तिथे तीन लांबलचक नंबर असतात, कार्ड आयडी, होस्ट आयडी, डेटा आयडी. ते एकेक आकडा वाचून दाखवायचे, तो पलीकडे टाइप करणार, मग सिग्नल मारणार. खाली एक ओळ असते, 'व्हॅल' लिहिलेलं, त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह असेल तर पेअर झालेलं नाही, व्ही आला की झालं. मी टीव्हीसमोर जमिनीवर उकिडवा बसून, फोन खांद्यात धरून, ते प्रश्नचिन्ह बघत बसलेलो, पोरगा मागून विचारतोय "बाबा, काय दिसतंय?" आणि एकदम व्ही आला. आधीच्या टेक्निशियनने होस्ट आयडीतला एक आकडाच चुकवला होता. एका आकड्यासाठी नऊ दिवस.

जुने दोन डबे काउंटरवर परत केले तर पुढच्या बिलात "उपकरण परत केलेलं नाही" म्हणून दंड. पावती होती म्हणून वाचलो. ती पावती, सीरियल नंबर छापलेली, फोटो काढून ठेवा, शाई उडते.

एवढं झाल्यावर मात्र टिवो म्हणजे सुख. शेंगदाण्याच्या आकाराचा रिमोट, हातात बसतो, अंधारात अंगठ्याला बटणं कळतात. बटण दाबलं की 'बुडुक' असा आवाज आणि लगेच हालचाल. चार ट्यूनर म्हणजे घरात भांडण नाही. आणि एक गुपित: काहीतरी चालू असताना सिलेक्ट, प्ले, सिलेक्ट, ३, ०, सिलेक्ट असं ओळीने दाबायचं, टण टण टण वाजतं आणि पुढे सरकायचं बटण बरोबर ३० सेकंदांची उडी मारायला लागतं. जाहिरातींचा ब्रेक म्हणजे सहा-सात वेळा बटण, बस. २०१६ मध्ये तर हिरवं बटण दाबून पूर्ण ब्रेक एका फटक्यात ओलांडायची सोय आली, पण ती ठरावीक चॅनलांच्या ठरावीक कार्यक्रमांना, क्रिकेटला नाही.

क्रिकेटला ३० सेकंदवालंच, आणि त्याचा शास्त्रोक्त वापर शोधला आमच्या बाबांनी. २०१६ च्या हिवाळ्यात आई-बाबा इथे होते. रेकॉर्डिंग त्यांना नवीन नव्हतं, पुण्यात टाटा स्काय प्लस होताच, पण ही उडी बघून ते खुळावले. त्यांचा सिद्धांत असा: फास्ट बॉलर असला की बॉल पडून, बॉलर परत जाऊन, पळत येईपर्यंत साधारण अर्धा मिनिट जातो, म्हणजे एक बटण एक बॉल. स्पिनरला तसं करायचं नाही, एक बॉल हुकतो. सात तासांचा दिवस दोन-सव्वादोन तासांत बघून मोकळे. आईचं वेगळंच, तिने एका स्वयंपाकाच्या कार्यक्रमाला हिरवा अंगठा दाबला, टिवोला वाटलं हिला हेच आवडतं, आठवडाभरात जागा मिळेल तिथे त्याने आपणहून केक आणि टर्की भरून ठेवले. शुद्ध शाकाहारी बाई. लाल अंगठा दाबून दाबून तिने त्याला वळणावर आणलं.

तर त्या डिसेंबरात चेन्नईची टेस्ट. तिकडे सकाळी साडेनऊ म्हणजे इकडे आदल्या रात्रीचे ११. रविवारची रात्र होती, चौथा दिवस, सोमवारी ऑफिस. रेकॉर्डिंगला मी पुढे दोन तास वाढवून लावले होते, टिवोत हे प्रत्येक रेकॉर्डिंगला करता येतं, आणि भाड्याच्या डब्याने शिकवलेला धडा मी विसरलो नव्हतो. सकाळी उठलो तर बाबा स्वेटर घालून, चहाचा कप घेऊन सोफ्यावर, आवाज अगदी बारीक. मला बघून हात वर केला, "काही बोलू नकोस, मला माहीत नाहीये पुढचं." करुण नायर तेव्हा दोनशेच्या पुढे होता. मी शेजारी बसलो, ऑफिसला उशीर झाला तो झाला. ३०३ नाबाद, ७ बाद ७५९ ला डाव घोषित, सेहवागनंतर तीनशे करणारा दुसराच भारतीय. शेवटच्या चाळीसेक धावांना बाबांनी उडीचं बटण दाबलंच नाही, बॉलर मागे चालत जातानाही बघत होते. ते रेकॉर्डिंग "डिलीट करू नका" म्हणून कायमचं ठेवलं.

आणि घालवलं मीच. ५०० जीबी पुरेना म्हणून मी आधीच आतली डिस्क बदलली होती. या मॉडेलला सोपं आहे, ताऱ्यासारख्या खाचेचे स्क्रू काढायचे, ३ टीबीपर्यंतची डिस्क नुसती लावायची, टिवो स्वतः फॉरमॅट करून घेतो. भाड्याच्या डब्याला तुम्ही स्क्रूड्रायव्हर लावून दाखवा. पण मी ३५ डॉलर वाचवायला वापरलेली, रीफर्बिश्ड डिस्क घेतली होती. २०१९ च्या उन्हाळ्यात चित्र अडकायला लागलं, चौकोन चौकोन, मग एक दिवस आतून टक टक आवाज आणि डबा सुरूच होईना. नवीन डिस्क लावली, डबा जिवंत झाला, लाइफटाइम शाबूत, पण रेकॉर्डिंगं साफ. बॅकअप का नव्हता विचाराल तर केबल कंपनी चॅनलवर कॉपीचा झेंडा लावते, आमच्याकडे लोकल चॅनलं सोडून बाकी बहुतेक सगळ्यांवर "फक्त एकदा कॉपी" असा होता. ती एक कॉपी म्हणजे टिवोच्या डिस्कवरची, त्यापुढे कॉम्प्युटरवर न्यायचं तर टिवो नाही म्हणतो. डबा माझा, डिस्क माझी, पैसे माझे, तरी. पुण्याला फोनवर सांगितलं तर बाबा थोडा वेळ गप्प, मग, "अरे, तो नायर पण गेला का?"

भाड्याच्या बाजूने पण बोललं पाहिजे. डबा बिघडला की काउंटरवर न्या, दहा मिनिटांत दुसरा, एक पैसा नाही. (रेकॉर्डिंग तिथेही जातंच.) आधी हजार डॉलर घालायचे नाहीत, पेअरिंग नाही, काही कंपन्यांकडे टिवोला अजून एक वेगळा ट्यूनिंग अडॅप्टर लागतो ती कटकट नाही. केबलचं ऑन डिमांड आमच्या टिवोवर चालायचं नाही, भाड्याच्यावर चालायचं. दोन वर्षांत व्हिसा, नोकरी, घर यातलं काय बदलेल सांगता येत नसेल तर भाड्याचाच घ्यावा, आम्ही घेतला तेव्हा घरच विकत घेतलं होतं म्हणून गणित जमलं.

आणि गणिताचंच बोलायचं तर खरं सांगतो. २०२३ च्या जूनमध्ये केबल तोडली तोपर्यंत डिस्कांचा खर्च धरूनसुद्धा नक्की दोन हजाराच्या आसपास वाचले. ऐकायला भारी वाटतं. पण त्याच काळात महिन्याला दीडशेच्या घरात पॅकेज भरत होतो आणि त्यातली शंभरेक चॅनलं कधी उघडलीसुद्धा नाहीत. २९ डॉलर वाचवल्याचा आनंद इतका होता की बाकीच्याकडे बघायला आठ वर्षं लागली.

तोडली का, तर किल्ली गेली. कंपन्यांच्या स्वतःच्या डब्यांत कार्ड हवंच हा नियम २०१५ च्या शेवटी संपला. २०१६ ला एफसीसीच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी, व्हीलर साहेबांनी, डब्यांची ही मक्तेदारी मोडायचा प्रस्ताव आणला, तो शेवटच्या मतदानाला यायच्या आधीच मागे पडला. २०२० मध्ये कार्ड द्यायचीच सक्ती काढून टाकली. त्यानंतर आमच्या कंपनीच्या फोनवर तो जाणता माणूस परत कधी लागला नाही. एकेक चॅनल दिसेनासं व्हायला लागलं, फोन केला की उत्तर, "आमचा नवीन बॉक्स घ्या ना सर." आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून तर टिवोनेच स्वतःचे डबे विकणं बंद केलं. १९९९ मध्ये सुरू झालेलं दुकान. वाईट वाटलं, पण आश्चर्य नाही, त्याआधी २०१९ मध्ये त्यांनी नव्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आधी जाहिरात दाखवायला सुरुवात केली होती, म्हणजे जाहिरात ओलांडायला डबा घ्यायचा आणि त्यानेच जाहिरात दाखवायची. मी जुन्या सॉफ्टवेअरवरच राहिलो.

साध्या रोमिओचा एक गुण मात्र आता कामाला आला: तो अँटेनावर पण चालतो. माळ्यावर अँटेना लावला, तोंड मॅनहॅटनकडे, २, ४, ५, ७, ११, १३ सगळी फुकट, आणि चित्र केबलपेक्षा स्वच्छ, खोटं वाटेल पण बघा लावून. गाईड अजून येतंय, ५०० डॉलर अजून कामाला आहेत.

तर त्या पोराला माझं उत्तर: केबलसाठी आता टिवो घेऊ नकोस, लाइफटाइमवाला फुकट मिळाला तरी; घ्यायचाच असेल तर आधी कंपनीला कार्ड देता का ते विचार आणि उत्तर लेखी घे. लोकल चॅनलं, फुटबॉल, बातम्या एवढंच हवं असेल तर अँटेना आणि टॅब्लो कंपनीचा रेकॉर्डिंगचा चौथ्या पिढीचा डबा, २०२३ ला आला तेव्हा शंभर डॉलरचा होता, महिन्याची फी शून्य, दोन ट्यूनर, पन्नासेक तास. पाहिजे तर जुना रोमिओ अँटेनावर, पण डिस्क नवीन टाक, माझ्यासारखी कंजुषी करू नकोस. सगळीच चॅनलं हवीत तर यूट्यूब टीव्ही, म्हणजे केबलची चॅनलं इंटरनेटवरून, रेकॉर्डिंगला मर्यादा नाही, पण नऊ महिन्यांनी ते आपोआप जातं आणि २०२५ ला भाव महिन्याला ८३ डॉलर झाला. तेही भाडंच. फक्त डबा दिसत नाही.

केबल बंद करताना कार्ड परत करायला गेलो तर काउंटरवरच्या मुलीने ते उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, "सर, हे काय आहे?" मी म्हटलं तुमचंच आहे, नऊ वर्षं दोन डॉलर देतोय त्याचे. तिने मॅनेजरला बोलावलं, त्यालाही माहीत नव्हतं, शेवटी सीरियल नंबर हाताने टाइप केला आणि पावती दिली. फोटो काढून ठेवलाय. पुढच्या बिलात दोन डॉलर लागून आलेच.